एक फेरी जास्त

दिवसभर मेंढरांमागं चालून आलेला माणूस मोकळ्या वेळात पुन्हा पळायला का जातो? हे मी आईला, वैभवीला, खुद्द सिद्धनाथदादालाही विचारलं होतं. दादा नुसता हसायचा आणि पळायला जायचा. त्याचा एकच नियम होता. मन 'नको' म्हणालं, की एक फेरी जास्त. (माझं मन जन्मल्यापासून 'नको'च म्हणतंय. नियम पाळला असता, तर एव्हाना ताम्हिणी उतरून कोकणात पोचलो असतो.)

दादा दिवाळीआधी तापानं गेला. एकोणीस वर्षांचा. त्याच्याबरोबर पळणारी आमची बहीण वैभवी तेव्हापासून भिंतीकडं तोंड करून पडलेली. शाळा नाही, धड जेवण नाही. म्हटलं, आता आपणच हिला पळवू. विचार करायची सवय नसल्यानं लगेच दादाचा लाल टीशर्ट चढवला. (आई तो धुवू देत नव्हती.) त्याचे ढगळ बूट घातले.

"ऊठ, वैभे! पळायला चल."

"तू पळणार? तू दुकानातनं साखर आणायला जात न्हाईस."

मग एकटाच निघालो. कळपाजवळून जाताना दादासारखी शीळ घातली. घोटाळा तिथं झाला. मेंढरं तोंड बघत नाहीत, वास आणि शीळ ओळखतात. माझ्या हाकेला कधी मान न वळवणारा कळप जाळीची वाघर पाडून माझ्यामागं सुटला.

मी घाबरून जोरात पळालो. मेंढरंही जोरात. थेट कासार आंबोलीतल्या बंगल्यांच्या जॉगिंग ट्रॅकवर. तिथं बंडोपंत नावाचे निवृत्त साहेब फिरत होते.

"अरे, एवढा ग्रुप घेऊन आलास?"

"आजोबा, बाजूला व्हा! थांबता येत न्हाई!"

"पण बुटांशिवाय ट्रॅकवर यायचं नाही, सोसायटीचा नियम आहे!"

"मी घातल्यात की!"

"तू घातलेस रे, यांचं काय?"

तेवढ्यात मागून ओरडा आला, "मल्ल्या, शर्ट काढ, येड्या!"

वैभवी! अनवाणी, केस मोकळे, पळत पळत कळप वळवत होती. आणि हसत होती. मी हिरवळीवर आडवा झालो.

"काय म्हणतंय मन?"

"नको म्हणतंय."

"मग ऊठ. एक फेरी जास्त."

मग डोळे पुसून एकटीच पळाली. (मी मेंढरं धरून बसलो. म्हणजे त्यांनी मला.)

घरी आल्यावर मी टीशर्ट काढून वाघरीच्या खुंटाला टांगला. मेंढरं त्याच्याभोवती निमूट बसली. वैभवीही बसली. "उद्या लवकर उठव," म्हणाली.

मी उघड्या अंगानं कुडकुडत अजून एकदा दादासारखी शीळ घातली. एका मेंढीनं वर पाहिलं. मी आहे असं कळल्यावर तोंड फिरवलं.