जिन्यातील कठडा-रेलिंग युद्धाची हकीकत

पुढील पिढ्यांस जिना चढता-उतरता स्मरण राहावे, सबब ही हकीकत तिखटमीठ न लावता लिहिली असे. इमारत चौमजली, पायऱ्या चौसष्ट, आणि धरावयास काही नाही. चौथे मजल्यावरील निवृत्त टायपिस्ट मावशी, बोटे पोलादी परंतु गुडघे फितूर, एकदा घसरल्या आणि चार महिने घरातच कैद जाहल्या. तळमजल्यावर सख्खी धाकटी बहीण, तीस दम्यामुळे चढवेना, मग भेट काय ती फोनवर. लिहिता लिहिता आमचेही डोळे भरोन येतात.

धरावयास काहीतरी हवे, याविषयी बत्तीस बिऱ्हाडांत दुमत नव्हते. परंतु गच्चीचे चावीवरोन पूर्वीच फाटाफूट होऊन पंधरा घरे राजश्री घड्याळजींचे निशाणाखाली आणि पंधरा राजश्री दंतवैद्यांचे निशाणाखाली गेली होती, उरल्या या दोघी बहिणी. मग घड्याळजींनी कठडा बसविण्याचा खलिता गुदरला, तो दंतवैद्यांचे फौजेने हाणोन पाडिला, की कठडा विहिरीस असतो. मग दंतवैद्यांनी रेलिंगचा खलिता गुदरला, तो घड्याळजींचे गोटाने गारद केला, की ही परकी थेरं. ऐशा पाच सभा जाहल्या. मध्यंतरी एक कठडेवीर सहा पायऱ्या गडगडला आणि कंबर चोळीत, पडेन परंतु रेलिंग धरणार नाही, ऐसे गरजला. केवढे हे शौर्य!

मग मावशींनी जुना टाइपरायटर काढोन सहावे सभेस अर्ज धाडिला: "जिन्यात धरायला काहीतरी लावा." उभय गोटांनी कागद उलटासुलटा करोन शत्रूचा शब्द धुंडाळिला, तो गवसेना. विरोध करावा तरी कशास? खुद्द दंतवैद्यांची दातखीळ बसली. मग धाकटीने हात वर केला, आणि घड्याळजींनी डोके खाजविण्याचे मिषाने केला, आणि बघता बघता एकतीस हात वर जाहले. बत्तिसावा चौथे मजल्यावर कैद होता.

रविवारी सकाळी वेल्डरमहाराज काम उरकोन गेले, आणि मावशी ते धरोन निघाल्या. दारोदारी उभय फौजा श्वास रोखोन उभ्या. चौसष्टावे पायरीशी धाकटी.

"किती गं वेळ लावलास ताई!"

"मी कुठे? सहा सभांनी लावला," म्हणोन मावशींनी तीस कवटाळिले, आणि कठडेवीर मुसमुसोन रडला.

तितक्यात रंग कोणता द्यावा ऐसी कुजबुज उठली. तेव्हा मावशींचा हुकूम सुटला की कोणी ब्र काढू नये, अर्ज त्या टाइप करतील. दप्तरी नोंद जाहली ती ऐसी: काहीतरी बसविले. मावशी उतरल्या. फत्ते.