सत्कारातला फोन

"आबा, तिथं गेल्यावर दुधाचं नाव काढायचं न्हाई," पेठ नाक्याला गाडी सांगलीकडे वळवताना विश्वजीतनं बजावलं.

"मग मी बोलू काय?" सयाजीरावांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. तोफखान्यातून निवृत्त झाल्यापासून लोणंदजवळच्या गावी सयाजीरावांच्या गोठ्यात म्हशी होत्या आणि बोलण्यातही म्हशीच होत्या. पण शिरवळच्या कंपनीत विश्वजीतला जी मुलगी आवडली होती, ती सांगलीची प्रियदर्शनी व्हेगन होती.

"म्हंजे माळकरीच की," मागच्या सीटवरून शालूबाई म्हणाल्या.

"त्याच्या पुढचं, आई. दूध, दही, तूप, मध, काईच न्हाई. तिला आपली शेती हाय एवढंच सांगितलंय. म्हशींचं हळूहळू सांगनार हाय."

"दोन वर्सं झाली की वळख हून!"

"हळूहळूच चाललंय."

घरी बसून कांदेपोहे खाण्याचा कार्यक्रम प्रियदर्शनीला पसंत नव्हता. तिनं आणि तिच्या मित्रमंडळींनी सांगलीत एका मैदानावर व्हेगन खाण्याचे स्टॉल आणि रॉक बँड असा रविवार ठरवला होता. "तिकडंच या, मोकळेपणी भेटू," असं तिनं कळवलं होतं. मोकळेपणी भेटायला जागा खरोखर मोकळी होती. फक्त स्पीकरसमोर एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. तोफखान्यात कान गमावलेल्या सयाजीरावांना त्याचं काही वाटलं नाही.

प्रियदर्शनी आली, वाकून पाया पडली आणि स्पीकरपासून लांबचं टेबल बघून तिनं सगळ्यांना बसवलं. मुलगी शालूबाईंच्या मनात तिथंच भरली. तिनं ताटं आणली. सयाजीरावांनी पहिला घास घेतला आणि मान डोलावली.

"मटान झकास झालंय."

"काका, फणस आहे तो."

सयाजीरावांनी ताटात हाडूक शोधलं. सापडलं नाही. मग त्यांनी आणखी एक ताट मागून घेतलं. शेंगदाण्याच्या दह्याच्या ताकाचा शालूबाईंनी आधी वास घेतला आणि मग त्या दोन पेले प्यायल्या. सगळं इतकं बरं चाललं होतं की विश्वजीतनं शर्टाचं वरचं बटण सोडलं. तेवढ्यात प्रियदर्शनीनं विचारलं, "काका, शेती म्हणजे जनावरं पण असतील ना?"

"हायत की! म्हशी हायत," सयाजीरावांचा चेहरा उजळला. टेबलाखाली त्यांच्या पायावर विश्वजीतचा बूट पडला.

"म्हशी? मग दूध..."

पोराचा उतरलेला चेहरा शालूबाईंना बघवेना. "आता न्हाई काडत," त्या म्हणाल्या. "पेन्शनीत हायत त्या."

प्रियदर्शनी बघतच राहिली. "म्हणजे तुम्ही त्यांना नुसतं सांभाळता?"

"व्हय की. लेकरावानी," शालूबाईंनी एवढं तरी खरं सांगितलं.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "विश्वजीत, तू हे कधी बोलला पण नाहीस! किती साधा आहेस तू!" म्हणत ती उठली आणि थेट स्टेजकडे गेली. तिथं तिचा मित्र वीरधवल खांद्यापर्यंतचे केस सोडून गिटार जुळवत होता. तिनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. वीरधवलनं माईक ओढला.

"मित्रांनो! आज आपल्यात लोणंदचे सयाजीकाका आलेत. थेंबभर दूध न घेता ते म्हशींना आयुष्यभर सांभाळतात! काका, वर या!"

मैदानानं टाळ्यांचा कडकडाट केला. "तूच जा," सयाजीराव बायकोला म्हणाले. "माझं नाव कुटं घेतलंय त्यांनी," शालूबाई म्हणाल्या.

सयाजीराव वर गेले. त्यांना तुळशीचं रोप मिळालं, त्यावर टाळ्या मिळाल्या, आणि मग हातात माईक आला.

"म्हशी..." ते म्हणाले, "लय गुनी असत्यात."

एवढ्यात खिशातला फोन वाजला. कमी ऐकू येत असल्यामुळे सयाजीराव फोन कायम स्पीकरवर घ्यायचे. सवयीनं त्यांनी बटण दाबून फोन तोंडाजवळ धरला. माईकही तिथंच होता.

"दाजी!" मेव्हण्याचा, तानाजीचा आवाज मैदानभर घुमला. "आवं, चंद्री पान्हाच सोडंना! तुमी न्हाईसा म्हनून आडून बसलीया. बाकीच्यांच्या धारा काडल्या, डेअरीची गाडी दारात हारन मारतीया!"

विश्वजीतनं ताट तोंडासमोर धरलं. सयाजीरावांना खाली प्रियदर्शनी दिसत होती, पण चंद्रीही दिसत होती. कासेत दूध राहिलं तर कास सुजते आणि मुकं जनावर रात्रभर ठणका सोसतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लोकांकडे पाठ केली.

"तान्या, फोन तिच्या कानाला लाव. हां चंद्रे... हां गं माझ्या बाय... सोड गं... हां..."

त्या 'हां'ला एक ठेका होता. ड्रमवाल्याला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण ठेका कळला. त्यानं हलकेच काठी टेकवली. मग वीरधवलची गिटार आली. माणसं टाळ्यांनी साथ द्यायला लागली. चांगलाच रंग भरला तेव्हा फोनमधून आरोळी आली, "सोडला! दाजी, सोडला पान्हा!" आणि ज्यांनी दुधाला कित्येक वर्षं तोंड लावलं नव्हतं, त्यांनीही शिट्ट्या मारल्या.

शिट्टी न मारणारी एकच होती. ती पायऱ्यांशी उभी होती.

"काका, तुम्ही खोटं बोललात."

"व्हय पोरी. लेकाला तू पायजेस म्हनून. पन म्हशी काय मी सोडनार न्हाई."

प्रियदर्शनीनं विश्वजीतकडे पाहिलं. "आणि तू?"

"मी हळूहळू..." विश्वजीत म्हणाला. ती गाडीपर्यंत सोडायला आली नाही.

घरी आल्यावर वेगळाच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजीरावांनी गळा बसेस्तोवर 'हां चंद्रे' म्हटलं, पण चंद्री ढिम्म. "दाजी, तिला साथीला बाजा पायजे," तानाजी म्हणाला. शालूबाईंनी बादली बडवून पाहिली. चंद्रीनं त्या बादलीलाच लाथ घातली. विश्वजीत आदल्या दिवसापासून तोंड पाडून बसला होता, कामावरही गेला नव्हता. संध्याकाळी सयाजीरावांनी त्याचा फोन घेतला आणि गोठ्यातूनच प्रियदर्शनीला लावला.

"पोरी, मी सयाजी. त्या तुज्या ढोलवाल्याचं काय रेकॉर्डिंग हाय का?"

ती म्हणाली, "काका, दूध काढायला मी मदत करणार नाही."

"दुदासाटी न्हाई गं. कास टनक झालीया. कन्हतीया बिचारी."

"पाठवते. पण अट आहे. आधी रेडकू पोटभर पिणार. उरेल तेवढंच तुमचं."

तानाजीनं हातानं 'नको नको' केलं. शालूबाई फोनकडे वाकून म्हणाल्या, "कबूल!"

"आणि ते पिताना मला व्हिडिओ कॉल करायचा. रोज."

"रोज?"

"रोज. माझा तुमच्यावर विश्वास नाही."

विश्वजीत धडपडत उठून जवळ आला. "आबा, तिला इचारा की... म्हंजे लग्नाचं..."

"गप बस," सयाजीराव फोनवर हात ठेवून म्हणाले. "हितं आदी रेडकाचं ठरतंय."