वर्ष काढायचं राहिलं

'परंतु साहेब' महिनाअखेरीस निवृत्त होणार, याचा ऑफिसात सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला असेल तर तो डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमरला. त्याची बायको आणि मुलगी दुसऱ्या गावी, आणि बदलीचा अर्ज विभागप्रमुखांच्या, म्हणजे याच साहेबांच्या टेबलावर. साहेब दर वेळी त्यावर 'मान्य, परंतु' एवढंच लिहीत आणि अर्ज पुन्हा ढिगाच्या तळाशी सारत. नाव पडलं ते त्यावरूनच. त्यांच्या जागी येणाऱ्या बाईंनी मात्र पहिली सही त्याच अर्जावर करायचं कबूल केलं होतं.

या महिन्यात निवृत्त होणाऱ्यांना निरोपाचे ई-मेल पाठवायचे होते. त्याने खुशीत क्वेरी लिहिली: निवृत्तीच्या तारखेतून महिना काढ, चालू महिन्याशी जुळला की पत्र पाठव. साहेबांच्या हाताखाली इतकी वर्षं काढलेला हा माणूस तारखेतून वर्ष काढायला तेवढा विसरला. त्यामुळे पुढे कुठल्याही साली या महिन्यात निवृत्त होणाऱ्या सगळ्यांना संचालकांच्या सहीने निरोप गेला.

नुकत्याच नोकरीला चिकटलेल्या टायपिस्टचे 'प्रदीर्घ सेवेबद्दल' आभार मानले गेले होते. ती रडायलाच लागली. लिफ्टमनने मात्र लिफ्ट बंद केली आणि किल्ली खिशात घालून तो घरी निघून गेला. संचालक सगळे जिने चढून धापा टाकत आले.

"आत्ताच्या आत्ता रद्द कर," एवढंच त्यांना बोलता आलं.

प्रोग्रॅमरने घाईघाईत तीच क्वेरी पुन्हा चालवली, फक्त मजकूर बदलला: आपली निवृत्ती रद्द झाली आहे, कामावर राहावे. टायपिस्टने डोळे पुसले, लिफ्टमन तोंड पाडून परत आला. आणि ज्यांची निवृत्ती खरी होती, त्या परंतु साहेबांनाही तेच पत्र मिळालं.

प्रोग्रॅमर धावत संचालकांकडे गेला. त्यांनी हात वर केले. एकाच दिवसात आपली सही दुसऱ्यांदा फिरवली तर वरचे लोक आपल्यालाच घरी पाठवतील, त्यापेक्षा मुदतवाढ दिली असं दाखवू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

संध्याकाळी परंतु साहेबांनी त्याला बोलावलं. कधी नव्हे ते त्यांनी त्याला समोरची खुर्ची दिली.

"घरी बसून काय करणार होतो हो मी? तुम्ही वाचवलंत मला."

"साहेब, ती चूक होती..."

"हाच तो मोठेपणा. बदलीचं आता डोक्यातून काढून टाका. तुमच्यासारखा माणूस मी कुठेही जाऊ देणार नाही."