दौलूमामांची पुरलेली नळी

दारात जास्वंद लावावी म्हणून मी खुरपं उचललं, एवढ्यात मागून हाक आली, "बाई, हात वर करा!"

मी घाबरून खरोखरच हात वर केले. धोतराचा सोगा सावरत दौलूमामा धावत आले आणि माझ्या दारातल्या जमिनीला कान लावून आडवे झाले. बराच वेळ ऐकून म्हणाले, "वाचलो. खाली गॅस हाय की!"

कोल्हापूर संपून ऊस सुरू होतो तिथं आमची गल्ली. मी शाळेत मास्तरीण, नुकतीच भाड्यानं राहायला आलेली. गोबरगॅसचं तेव्हा नवं वारं होतं. गल्लीच्या एका टोकाला मामांचा म्हशींचा गोठा आणि गॅसची टाकी, दुसऱ्या टोकाला त्यांचं घर. घराचे दोन भाग झालेले. एकात मामा एकटे, लग्न न केलेले; दुसऱ्यात थोरला भाऊ आणि वहिनी. वाटणीनंतर भावाभावांचं बोलणं बंद होतं. टाकीपासून घरापर्यंत गल्लीखालून लोखंडी नळी पुरली होती, आणि तिच्यावर मामांचा पहारा होता.

नियम कडक होते. कुदळ उचलण्याआधी मामांना विचारायचं. नळीजवळ पहार चालवायची नाही, माती हातानं काढायची. नळीवर झाड लावायचं नाही.

"जास्वंद तरी?" मी विचारलं.

"नगं. तिची मुळं लई आगाव. तुळस लावा. तुळस मर्यादेत ऱ्हाती."

वास आला तर काडी ओढायची नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही, बाहेर पळायचं आणि मामांना हाक मारायची. गोठ्याच्या गल्लीत हा वास ओळखायचा कसा? "सडक्या अंड्यागत येतोय," मामा ठामपणे सांगायचे. मामा माळकरी. सडकं काय, चांगलं अंडंही त्यांनी कधी नाकाजवळ नेलेलं नव्हतं.

नळी कुठून जाते ते कळावं म्हणून ते रोज सकाळी गल्लीत चुन्याची रेघ ओढायचे. दुपारपर्यंत सायकली आणि म्हशी ती पुसून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ. समोरच्यांच्या मुलीच्या लग्नात मांडवाचे खांब त्यांनी इतके बाजूला सरकवायला लावले, की अक्षता पडल्या तेव्हा नवरी सावलीत होती आणि नवरा उन्हात. लोक त्यांना इन्स्पेक्टर म्हणत. समोर हसत आणि पाठ फिरली की हवं तिथं खणत. एकदा मामा मला म्हणाले, "बाई, ह्या गल्लीत म्हस ऐकती, माणूस न्हाय ऐकत."

मग गटारीचं काम निघालं. मुकादम आणि गडी आले. मामा रेघेवर जाऊन उभे राहिले.

"ओ पावणं, हितं पहार नगं. हातानं माती काढा, मी बी हात लावतो."

"म्हातारबा, आमच्या नकाशात नळी न्हाय."

"नकाशा तुमचा, नळी माझी! टाकीचा कॉक बंद करून येतो. तेवढं तरी थांबा."

मामा गोठ्याकडे पळाले. मुकादमानं त्यांच्या पाठीकडे बघितलं, हसला आणि गड्याला खूण केली. दुसऱ्याच घावाला फस्सकन आवाज आला. काय फुटलं ते बघायला गडी वाकला. त्याच्या तोंडात बिडी होती.

भप्पकन जाळ उठला. भुवया, मिशी आणि एक हात. मामांनी कॉक फिरवला तसा जाळ विझला. मग त्यांनीच गड्याला धरून आणलं, त्याचा हात म्हशींच्या हौदात बुडवून धरला आणि तो रडत होता तोवर "व्हय बाबा, व्हय" म्हणत राहिले.

संध्याकाळी गल्ली जमली. मला वाटलं, आता तरी लोक म्हणतील, मामांचं खरं होतं. लोक म्हणाले, "असली बला गल्लीत पायजेच कशाला?" गटारीचे साहेब आले. मी पुढं होऊन सांगितलं, "हे थांबा म्हणत होते हो."

"म्हणजे धोका आहे हे त्यांना ठाऊक होतं!" साहेब म्हणाले, आणि गल्लीनं माना डोलावल्या. मामांनीही डोलावली. नळी उपटली गेली, टाकीला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांकडे गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच पाय ठेवला. भिंती काळ्याकुट्ट. आढ्याला जुन्या काजळीच्या जाळ्या लोंबत होत्या. मामा चुलीपुढं भाकरी थापत होते.

"मामा, तुमची गॅसची शेगडी कुठंय?"

त्यांनी हनुवटीनं मधल्या भिंतीकडे दाखवलं. पलीकडून खोकला ऐकू येत होता, थांबत नसलेला.

"वैनीस्नी दमा हाय. धूर सोसत न्हाय. आई गेली तवा मी पाळण्यात हुतो. त्येंनीच वाढिवलं."

"आणि तुमचे दादा?"

"त्यो बोलत न्हाय. मी बी न्हाय." त्यांनी भाकरी उलटली. "नळी तेवढी जात हुती."

मामांनी भाकऱ्या फडक्यात बांधल्या. "आता दोनी घरच्या हितंच भाजायच्या. म्हंजे तिकडची चूल पेटाय नगं."

ते बाहेर गेले. भावाच्या उंबऱ्यावर भाकऱ्या ठेवल्या, कडी वाजवली आणि मागं सरले. दार हातभर उघडलं. एका म्हाताऱ्या हातानं भाकऱ्या आत ओढल्या. दार लागलं. थोड्या वेळानं भावाच्या कौलांतून निघणारा चुलीचा धूर विरला.

खोकला चालूच होता. तो थांबायची वाट बघत मामा अंगणात उभे राहिले. म्हशी धारेसाठी ओरडायला लागल्या, तेव्हा गेले.