मूठभर मातीची बखर

श्री॥ जे डोळ्यांस दिसत नाही आणि तरी सर्वांचे चालविते, त्यास आधी नमस्कार. मग मुळास, मग पानास, मग काचेच्या नळीस, आणि नळी धुणाऱ्या हातांस विशेष नमस्कार करून हे वर्तमान लिहिले. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर. संवत्सराने आपले नाव राखिले. ते साली या राज्यात एकही काम वेळेवर जाहले नाही.

घाटाच्या पायथ्याशी एक राज्य होते, नाव सांगणे उचित नाही. तट नाही, बुरूज नाही. तीन मजले, मागे बाग, आणि एक लिफ्ट, ती बंद. राज्याचा कारभार असा की पानांतून, मुळांतून आणि जंतूंच्या पेशींतून द्रव्ये काढावी, ती कशाची बनली हे पाहावे, आणि कोणते द्रव्य कोणत्या रोगजंतूस लोळविते याचा शोध करावा. धनी डॉक्टर विश्रामपंत सबनीस. स्वभाव तापट, परंतु मनात काही ठेवीत नसत, कारण जे असेल ते तेथल्या तेथे बोलून टाकीत. त्यांचे पदरी हेमांगीबाई कुरणे म्हणोन एक शूर बाई, पीएचडीच्या मोहिमेवर सहा वर्षे होत्या. मोहीम भुईकाजळीची. भुईकाजळी म्हणजे घाटातले गुडघाभर उंचीचे झुडूप, काळी फळे, पाने कडूजहर. धनगर लोक ती पाने ठेचून जखमेवर बांधीत. बाईंनी ती पाने सावलीत वाळवावी, कुटावी, स्पिरिटात भिजवावी, गाळावी, आणि स्पिरिट उडाले की खाली काळी राळ उरे ती कागदाच्या टिकलीस लावावी. आणि मग जखमा चिघळविणाऱ्या जंतूची फौज ज्या काचेच्या तबकडीत पेरली असे, तिच्या मधोमध ती टिकली ठेवावी. हा जंतू मोठा हट्टी, बाजारातल्या औषधांस भीक घालीत नसे. परंतु दुसरे दिवशी सकाळी पाहावे तो टिकलीभोवती सुपारीएवढे स्वच्छ कडे, त्यात एक जंतू जिवंत नाही. काय सांगावे! ते कडे प्रथम दिसले ते दिवशी पंतांनी स्वहस्ते चहा केला, आणि तो कोणास पिववला नाही, तरी सर्वांनी प्याला.

या राज्यात बागेचे ठाणे तानाक्का काळुगडे यांजकडे होते. वय साठीचे पुढे, नऊवारी लुगडे, हातात खुरपे, आणि बोलणे सडेतोड. सहा वर्षे भुईकाजळीची लागवड त्यांनीच केली. त्यांची एक रीत होती. झुडुपाची फांदी नव्या कुंडीत लावली की जुन्या झुडुपाच्या बुडातली मूठभर माती आणोन त्या कुंडीत घालीत आणि ओठांत काही पुटपुटत. ऐसियास श्रावणमासी बाईंस वाटले की आता शेवटचे युद्ध जवळ आले, सर्व काही स्वच्छ आणि शास्त्रोक्त असावे. म्हणोन त्यांनी पंतांकडून हुकूम काढविला की बागेतली जुनी रांग उपटून तेथे काचघर उभारावे, माती वाफेच्या हंड्यात शिजवून निर्जंतुक करावी, आणि जुन्याच झुडुपांच्या फांद्यांची नवी रोपे त्यात वाढवावी. तानाक्का नव्या कुंड्यांपाशी मूठ घेऊन आल्या, तो बाईंनी त्यांचा हात अडविला.

"तानाक्का, ही घाण आत नको. इथं शास्त्र चाललंय, तोडगे नव्हेत."

तानाक्कांनी मूठ उघडली, माती पायाशी पडू दिली आणि म्हणाल्या, "बरं बाई. तुमचं घर, तुमची रोपं." आणि त्या दिवसापासून काचघरात त्यांनी पाऊल टाकिले नाही; फाटकापाशी झेंडू लावीत बसल्या. बाईंस ते समयी काही वाटले नाही. पुढे मात्र ते वाक्य त्यांस रोज आठवू लागले, कारण त्या रोपांत तानाक्कांचे काही उरले नाही.

आश्विनात परराज्यातून परीक्षकसाहेबांचा खलिता आला की, प्रबंध वाचला, नवल वाटले; तरी फाल्गुनात समक्ष येऊ, तोवर नव्या स्वच्छ रोपांवर हाच प्रयोग फिरोन करून दाखवावा. बाई हसल्या आणि म्हणाल्या, यात काय अवघड. कार्तिकात नवी पाने काढली. रोपे तरी कशी, हिरवीगार, एक डाग नाही, पंतांनी दोन वेळा फोटो काढिले. राळ केली, टिकली ठेविली आणि सकाळी तबकडी उघडली, तो कडे नाही. टिकलीच्या काठापर्यंत जंतू सुखाने नांदत होते. पुन्हा केले, नाही. स्पिरिट बदलले, नाही. पाणी बदलले, चाळण बदलली, तबकड्या बदलल्या, शेवटी बाईंनी आपली खुर्ची बदलली, तरी नाही. आणि मौज अशी की जुन्या राळेची एक बाटली तळाशी उरली होती, तिची टिकली ठेवावी तो कडे लख्ख. म्हणजे जंतू तोच, हात तोच, झुडूप तेच, आणि द्रव्य मात्र परागंदा. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. पंत गरजले, "सहा वर्षं आपण या झाडाची आरती ओवाळली, कुरणे! फाल्गुनात त्या गृहस्थांना काय दाखवायचं, फोटो?" मग आवाज खाली आणोन म्हणाले, "लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना? म्हणतील, आधीची कडी बनावट होती." हे बाईंच्या काळजास लागले. पदवी गेली तर गेली, परंतु खोटारडी म्हणोन नाव निघाले तर गावी आईवडिलांस तोंड कसे दाखवावे, हाच एक घोर त्यांस लागला. जेवण तुटले आणि डब्यातली पोळी तशीच परत जाऊ लागली.

एके दिवशी भर दुपारी बाई उठोन बागेत गेल्या आणि पंपघराच्या पायरीवर बसल्या. तेथे तानाक्का चूल मांडून चहा करीत होत्या. चार महिने दोघींत धड बोलणे नव्हते. तानाक्कांनी एक नजर टाकिली आणि काही न विचारता कपात चहा ओतला.

"घ्या. तोंड किती उतरलंय. आजारी हायसा व्हय?"

बाईंनी कप घेतला आणि त्यांस रडू फुटले. मग सर्व सांगितले. कडे गेले, द्रव्य गेले, फाल्गुन जवळ आला. तानाक्का ऐकत होत्या आणि काटकीने चूल सारीत होत्या. बाईंनी पदराने डोळे पुसावे तर अंगात पंजाबी ड्रेस, म्हणोन ओढणीने पुसले. आणि पुसता पुसता पाहतात तो पंपघराच्या भिंतीशी तेलाचा जुना पत्र्याचा डबा, आणि डब्यात भुईकाजळी! पाने किड्यांनी कुरतडलेली, फांदी वाकडी, परंतु भुईकाजळीच.

"हे कुठून आलं?"

तानाक्का जरा बिचकल्या. "तुमी समदी रांग उपटाय लावली तवा एक फांदी ठिवली. सा वरसं हातानं वाढीवलेली, टाकवंना जीव. रागावू नगासा."

"आणि माती?"

"मूठ घातली की तिच्या बुडातली. आता तुमी काय बी म्हना."

बाईंनी चार पाने मागितली. डब्यात पाने अवघी एकवीस. अख्ख्या राज्यात जुन्या रांगेची निशाणी तेवढीच उरलेली. तानाक्कांनी आपल्या हाताने चार पाने खुडली, तीही कोणती खुडावी याचा बराच विचार करून. त्या चार पानांची राळ चिमूटभर निघाली. टिकली ठेविली, आणि सकाळी बाई चपला न काढता आत धावल्या, तबकडी उघडली, तो सुपारीएवढे कडे! बाईंचा जीव भांड्यात पडला. परंतु लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. फांदी त्याच झुडुपाची, पाणी त्याच नळाचे, ऊनही तेच, मग फरक कशाचा? फरक एका मुठीचा. हे ध्यानी येताच बाईंनी तबकडी खाली ठेविली, कारण ती मूठ कोणी अडविली हे त्यांस ठाऊक होते.

मग बाई बागेत गेल्या आणि तानाक्कांपुढे उभ्या राहून हात जोडून म्हणाल्या, "तानाक्का, मी चुकले. घाण म्हणाले ते चुकले. मला सहा मुठी माती हवी आहे." तानाक्कांनी त्यांचे जोडलेले हात खाली केले आणि म्हणाल्या, "पाया पडायला मी काय देव हाय? माती हाय, न्या की. पर सहा कशाला?" बाईंनी सांगितले की काचघरातल्या तीन कुंड्यांत मूठ तशीच घालू, आणि उरल्या तीन मुठी वाफेच्या हंड्यात शिजवून दुसऱ्या तीन कुंड्यांत घालू. तानाक्का खो खो हसल्या. "शिजिवलेली माती? बाई, त्यातलं जित्तं हाय ते मरंल की वो!" बाई म्हणाल्या, "तेच तर पाहायचं आहे." तेव्हा तानाक्का हसायच्या थांबल्या, आणि म्हणाल्या, "मंग शिजवा." आणि सहाही मुठी त्यांनी स्वहस्ते घातल्या, शिजवलेल्याही, आणि पुटपुटल्याही सहा वेळा.

दीड महिन्याने पाने काढिली. कच्च्या मुठीच्या तिन्ही कुंड्यांची कडी आली. शिजवलेल्या मुठीच्या तिन्ही कुंड्या कोऱ्या. तेव्हा सिद्ध जाहले की द्रव्य करणारे जे कोणी आहे ते जिवंत आहे आणि मातीत आहे. मग बाईंनी ती माती आणि कुंडीतल्या पानांचे तुकडे तबकड्यांवर पसरले. नाना तऱ्हेचे जंतू उगवले, एकेक वेगळा करून पाहता पाहता नाकी नऊ आले. एकेचाळिसावा जंतू निघाला खडूच्या भुकटीसारखा पांढरा, त्यास वास कुंडीस पाणी घातल्यावर येतो तसा. तो मातीत होता आणि पानांच्या आतही होता. त्यास एकट्यास जंतूंच्या खाण्याच्या पेजेत वाढविले, पेज गाळिली, टिकली ठेविली, आणि झुडपाचे नाव नाही, पान नाही, तरी कडे आले. म्हणजे सहा वर्षे जे श्रेय भुईकाजळीस दिले ते तिच्या मुळाशी राहून पानापर्यंत चढणाऱ्या या पाहुण्याचे होते. झुडूप त्यास घर देई, तो झुडपाची राखण करी, आणि तानाक्कांची मूठ त्यास एका घरातून दुसऱ्या घरी पोचवी. पंतांनी हे ऐकिले, तबकडी उजेडात धरोन फिरोन पाहिली, आणि मग म्हणाले, "देव निराळाच निघाला, कुरणे. पण आरती फुकट गेली नाही."

फाल्गुनात परीक्षकसाहेब आले. दरबार भरला, भिंतीवर उजेडाची चित्रे पडू लागली. साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारिले, "म्हणजे प्रबंधाचं शीर्षकच चूक आहे. वनस्पती ते द्रव्य करतच नाही. मग तुम्ही सहा वर्षं केलंत काय?" पंतांनी डोळे मिटले. बाई पुढे सरसावल्या. त्या म्हणाल्या, "सहा वर्षं मी चुकीच्या ठिकाणी पाहिलं, साहेब. मला बरोबर ठिकाण ज्यांनी दाखवलं त्या मागच्या बाकावर बसल्या आहेत. मी त्यांची माती घाण म्हणून फेकायला लावली होती. त्यांनी एक डबा ठेवला म्हणून आज मी इथं उभी आहे." साहेब वळले. तानाक्का घाबरोन उभ्या राहिल्या, हातात खुरपे तसेच. साहेबांनी त्यांस विचारिले, "ही मूठ घालायची रीत तुम्हाला कोणी शिकवली?" तानाक्का म्हणाल्या, "आईनं, सायेब. ती म्हनायची, लेक नांदायला निघाली तर मोकळी पाठवू न्हाई, माह्यारचं कायतरी तिच्या ओटीत घालावं. झाडालाबी तसंच." साहेब उठोन उभे राहिले आणि मान लववून बसले. बाईंस पदवी मिळाली, शीर्षक बदलून. खोटारडी म्हणायास कोणाचे तोंड उघडले नाही.

मग राहिले जंतूचे बारसे. या राज्यांची चाल अशी की जो शोधील त्याने नाव ठेवावे. पंत दोन दिवस सहज म्हणोन सांगत फिरले की सबनीस हे नाव लॅटिनात फार गोड लागते. बाई तानाक्कांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचं नाव लावते." तानाक्का लाजल्या, मग गंभीर जाहल्या.

"माझं नगं. माझं रेशनकार्डावर हाय, पगाराच्या पत्रावर हाय. माझ्या आईचं लावा. साळू. तिचं नाव कुटंच लिवल्यालं न्हाई, बाई. सातबाऱ्यावर न्हाई, शाळंत न्हाई. मेली तवा बी दाखल्यावर 'म्हातारी' एवढंच लिवलं."

तेव्हा जंतूचे नाव साळू पडले. पंतांनी तोंड वाकडे केले, आणि सही केली. लेख छापून आला तो दिवस बाईंनी कागद घेऊन बागेत जाऊन साजरा केला. तानाक्कांस इंग्रजी अक्षर येत नव्हते. बाईंनी त्यांचे बोट धरिले आणि त्या नावावर ठेविले. तानाक्कांनी बोट उचलले नाही. मग म्हणाल्या, "आता ती कुटं जायाची न्हाई." आणि पदर तोंडास लाविला.

पुढल्या वर्षी हेमांगीबाईंस उत्तरेकडील एका मोठ्या राज्यात नोकरी मिळाली. निरोपाचे दिवशी पंतांनी शाल दिली, सोबत्यांनी नारळ आणि पेन दिले. फाटकाशी रिक्षा उभी, तो तानाक्का धावत आल्या आणि बाईंच्या ओढणीच्या पदरात काहीतरी घालून गाठ मारू लागल्या. बाईंनी ओळखले. म्हणाल्या, "तानाक्का, अहो, मी झाड नाही." तानाक्का गाठ मारीतच होत्या आणि ओठांत पुटपुटत होत्या, तेव्हा प्रथमच बाईंस ते शब्द ऐकू आले. दुसरे काही नव्हते, "सुखी ऱ्हा" इतकेच होते. बाईंनी वाकून त्यांचे पाय धरिले, आणि या वेळी तानाक्कांनी धरू दिले.

येणेप्रमाणे भुईकाजळीची मोहीम फत्ते जाहली. जंतू साळू आजमितीस शीतपेटीत सुखरूप आहे. काचघरातली कोणतीही कुंडी मुठीवाचून भरीत नाहीत, आणि मूठ घालताना पंतही पुटपुटतात असे म्हणतात. लिफ्ट अद्याप बंद आहे. जैसे घडले तैसे लिहिले. उणे असेल ते लिहिणाऱ्याचे, आणि जे काही बरे असेल ते तानाक्कांचे आणि साळूचे.