वेळशेत स्मशानभूमीचा मंजूर इतिहास

तालुक्याच्या सुंदर स्मशानभूमी स्पर्धेत उतरायचं वेळशेत ग्रामपंचायतीने एकमताने ठरवलं. अर्जात स्थापना वर्ष, संस्थापक आणि लाभार्थ्यांचे किमान तीन अभिप्राय असे रकाने होते. अभिप्राय ग्रामसेवकाने स्वतःच लिहून टाकले. तिन्ही लाभार्थी समाधानी होते. अडलं ते इतिहासापाशी. त्याला दहा गुण होते आणि तो लडकूशिवाय कोणाला ठाऊक नव्हता.

लडकू खालच्या पाड्यावरचा. चाळीस वर्षं तो गावाच्या चिता रचत होता आणि पाड्यावरच्यांसाठी खड्डे खणत होता. पाड्याची रीत पुरायची. सरपंच हरेश यांनी त्याला पंचायतीत बोलावून खुर्ची दिली. तिची सवय नसल्याने तो टोकावर बसला. शाळेच्या पूजा मॅडमनी वही उघडली.

"जागा आमचीच, पाड्याची," लडकू म्हणाला. "गावाची नदीकाठी होती, ती पुरात गेली. तवा सरपंचांचा पणजा आमच्या आज्याकडं आला, नवशाकडं. पानी थांबत नव्हतं आन् घरात मढं. हात जोडलं त्यानं. आजा म्हनला, अर्धी जागा घ्या."

मॅडमनी शब्दन्शब्द लिहून घेतला. इतिहास मंजुरीसाठी ग्रामसभेपुढे गेला. तिथे 'हात जोडले'चं 'सविस्तर चर्चा केली' झालं. 'नवशाने जागा दिली'चं 'नवशाच्या उपस्थितीत जागा निश्चित झाली' झालं. मग एकाने शंका काढली, की उपस्थित तर पुष्कळ असतील, एकाचंच नाव घेणं इतरांवर अन्याय नाही का? नवशा वगळला गेला. संस्थापकाच्या रकान्यात हरेश यांचे पणजोबा आले.

स्मशानभूमी गावाने स्थापन केल्याचं सिद्ध झाल्यावर पाड्याची माणसं तिथे कशी पुरली, हा प्रश्न ओघानेच आला. पुरलेल्या जागेवरच्या प्रत्येक दगडावर पंचायतीने नोटीस डकवली. लडकू त्यातली एक मॅडमकडे घेऊन आला.

"भोगवटादाराने सात दिवसांत जागा खाली करावी, अथवा लेखी हरकत घ्यावी," मॅडमनी वाचलं.

"कोनाला सांगतंय?"

"भिमीबाईंना."

भिमी म्हणजे लडकूची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"ती नाय उठायची," तो म्हणाला. "जिती व्हती तवा बी कुनाच्या सांगन्यावरनं उठली नाय. तुमी माझी हरकत लिवा."

मॅडमनी लिहून दिली. आठव्या दिवशी उत्तर आलं: अर्जदार स्वतः भोगवटादार नसल्याने हरकत फेटाळण्यात येत आहे, भोगवटादारांकडून मुदतीत काहीच न आल्याने त्यांची संमती गृहीत धरण्यात येत आहे.

दगड निघाले, हिरवळ लागली. कमानीवर 'येथे सारे समान' असं रंगवलं. परीक्षक ते वाचून गहिवरले आणि वेळशेतला पहिला क्रमांक मिळाला. पूजा मॅडमना इतिहास संशोधक म्हणून प्रशस्तिपत्र देण्यात आलं. त्यांनी ते घेतलं, नाही असं नाही.

समारंभाला लडकूही आला होता. जांभळीच्या झाडापासून पावलं मोजत तो हिरवळीत एका जागी जाऊन थांबला.

"लडकू, गवतावरनं बाजूला हो," हरेश माईकवरून म्हणाले. "पाहुणे बघतायत."

लडकूने चपला काढून हातात घेतल्या आणि तो तिथेच उभा राहिला.

इतिहासाची पुस्तिका सुबक छापली आहे, हवी त्याला पंचायतीत मिळते. नवशाचं नाव तीत नाही, पण ते तुमच्या ध्यानात येणार नाही. पुस्तिका हाती पडली, की तुम्हीही आधी आपलंच आडनाव शोधाल.