वर्षांचा भाव करणाऱ्या मिसबाई

पनवेलच्या बाजारात माणसं वांग्यांचा भाव करतात, सुक्या बोंबलांचा करतात, माझ्या वखारीत येऊन कौलांचा आणि वाशांचा करतात. मिसबाई वर्षांचा भाव करायच्या. मुलीच्या बापाला गाठायचं, पोरगी शाळेत किती वर्षं ठेवणार ते विचारायचं, आणि तो सांगेल त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा आपण सांगायचा.

मी बंदरावर गोणी वाहून मोठा झालो, मग स्वतःची वखार टाकली. भावात मला हरवलं असं छातीठोक सांगणारा माणूस पनवेलपासून उरणपर्यंत मिळणार नाही. या बाईंनी मात्र मला फसवलं. कसं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

मिसबाई स्कॉटलंडच्या. मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. अंगाने वाशासारख्या उंच, उन्हाने नाक कायम सोललेलं. मराठी शिकवायला मिशनने त्यांना एक शास्त्रीबुवा लावून दिले होते, पण तोंडात बसली ती घरकामाला असलेल्या, करंजा गावच्या राधाबाईची बोली. प्रार्थना म्हणताना 'हे परमकृपाळू पित्या', आणि आमेन होताच दारातल्या मासळीवालीला, 'नाय परवडत गो, उचल टोपली.' येशूबद्दल त्या एकदा सांगायच्या आणि गप्प व्हायच्या. तिथे घासाघीस नसे. शाळेच्या बाबतीत मात्र माणसाला झोपू देत नसत.

माझी सुमन सहा वर्षांची झाली तेव्हा त्या वखारीत आल्या आणि वाशांच्या ढिगावर बसल्या.

"शेट, पोरीची किती वर्सां देता?"

मी दोन म्हटलं. सही करता आली म्हणजे झालं. त्यांनी सात सांगितली. मी ओरडलो, माझी माणसं काम सोडून बघायला आली. बाई उठून चालू लागल्या, पार रस्त्यापर्यंत गेल्या. उठून जाणं ही माझी युक्ती. ती माझ्यावरच कोणी चालवील असं वाटलं नव्हतं. मी हाक मारली. पाचावर सौदा ठरला आणि त्यांनी माझ्या हातावर टाळी दिली, बैलबाजारात देतात तशी सणसणीत.

पाच वर्षं झाली तेव्हा पुन्हा हजर. म्हणाल्या, एवढा माल घेतला, आता वर काय घालता? भाजीवाली जोखून झाल्यावर मूठभर मेथी वर घालते, तसं माझ्याकडून सहावं वर्ष नेलं. बायको आठ दिवस हसत होती.

सातव्याला मी ठाम होतो. उरणच्या मिठागरवाल्यांकडे सुमनचं जमलं होतं. चांगलं घर, मुलगा शिकलेला, त्यांना माघातला मुहूर्त हवा होता. बाईंना सुमनने सातवीची फायनल द्यायला हवी होती. ती पास झाली की पोरगी मास्तरीण होऊ शकते, म्हणत होत्या. परीक्षा चैत्रात. उरणवाले थांबतील याची खात्री नव्हती, आणि शब्द गेला तर पनवेलात मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. परीक्षेसाठी सुमनने घरात अबोला धरला होता. तिची आई जेवण वाढताना ताट आपटत होती.

दिवाळीनंतर बाई आल्या. मी बसा म्हटलं नाही. पोरगी माझी, शब्द माझा, तुम्ही परक्या मुलखातून येऊन आमच्या घरात लुडबुड करता, असं बरंच बोललो. त्यांचं नाक आणखी लाल झालं, पण जागच्या हलल्या नाहीत. चैत्रापर्यंत द्या, एवढंच पुन्हा पुन्हा.

मग मला एक गोष्ट आठवली. मिशनच्या लोकांना सात वर्षांनी एकदा मायदेशी जायला वर्षभर सुट्टी मिळते. बाईंची जागा पुढच्या महिन्याच्या बोटीवर पक्की झालेली सगळ्या गावाला ठाऊक होती. मी म्हणालो, "तुम्ही निघालात थंड हवा खायला, आणि माझ्या पोरीचं लग्न लांबवता. तुमच्यामागे तिला शिकवणार कोण? तुमचं वर्ष द्या, मी माझं देतो. आहे कबूल?"

हे मी त्यांना वाटेला लावण्यासाठी बोललो होतो. बोटीची जागा कोण सोडतं?

मिसबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, चक्कर येतेय. मग हात पुढे केला.

"कबूल."

टाळी मात्र या वेळी हलकी होती. हाताला लागलीसुद्धा नाही.

मी उरणला गेलो. तिथे काय काय ऐकून घेतलं ते लिहीत नाही. कसेबसे वैशाखापर्यंत थांबायला तयार झाले. मी हरलो होतो, तरी मनात म्हटलं, बाईचीही एक मौज बुडवली.

फाल्गुनात एके दिवशी सुमन घरी येऊन म्हणाली, मिसबाईंना वर्गात पत्र आलं, त्यांनी आम्हाला गणितं घातली, पत्र वाचलं आणि मग सगळ्यांची गणितं तपासली. सगळ्यांची बरोबर दिली, चुकलेलीसुद्धा. हे मला विचित्र वाटलं. संध्याकाळी मी मिशनच्या फाटकाशी गेलो. राधाबाई झाडत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"आय मेली तिची. लढाईत बोटी बंद व्हत्या, आकरा वर्सां भेटली नव्हती. यंदा जानार व्हती, तर तुमी आडवली."

सांगा, हा व्यवहार झाला का? सौद्यात समोरचा काय देतोय ते आपल्याला कळायला नको? मला एक शब्द सांगितला असता तर मी काय राक्षस होतो? तिथल्या तिथे सौदा मोडला असता. असं मी तिथे फाटकाशी उभा राहून स्वतःशीच भांडत होतो. शेवटी आत गेलो.

मिसबाई व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. सुमनचं काही झालं का, म्हणून दचकून उठल्या. मी नाही म्हटलं. मग काय काम काढलंत, विचारलं.

"बसायला आलोय," मी म्हणालो.

आमच्याकडे घरात कोणी गेलं की लोक बसायला येतात. बोलायचं काही नसतं. पनवेलात अशा कितीतरी घरी मिसबाई जाऊन बसल्या होत्या, माझी आई गेली तेव्हाही. त्यांच्याकडे बसायला येणारा आज मी पहिलाच. त्यांनी लेखणी खाली ठेवली. थोड्या वेळाने राधाबाईकडून कळून सुमनची आई पिठलं-भात घेऊन आली, तीही बसली.

अंधार पडायला लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "हितं तिला कोन वलखीत नव्हता. सांगू कोनाला?"

मी विचारलं, आईचं नाव काय.

त्यांनी सांगितलं, "एल्स्पेथ." मला ते नीट म्हणता येईना, जीभ वळेना. मिसबाईंनी माझ्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं. चौथ्यांदा बरोबर आलं, तेव्हा त्या रडल्या.